बाबा स्पोर्टवर का चालवतात

प्रिय छोट्या,

पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत. आईचा गुडघा होता तसाच आहे, तुझी वहिनी तुझी खोली आवरायला आत्तापासूनच लागली आहे, आणि मी गॅरेजमधल्या टेबलावरचे ऑइलचे डबे बाजूला सारून हे लिहायला बसलोय. कागदावर काळे डाग दिसतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. अक्षर मात्र लावून वाच. फोन सोडून पत्र का, ते शेवटी सांगतो.

आधी गाडीचं. तू नवी घेतलीस आणि तुझी जुनी ऑटोमॅटिक बाबांना पाठवून दिलीस, तेव्हापासून या घरात दुसरा विषय नाही. लहानपणी मला आखूड झालेले शर्ट तुला मिळायचे आणि तू भोकाड पसरायचास, आठवतं? तुझी वापरलेली गाडी दारात उभी राहिली तेव्हा बाबांचा चेहरा तू बघायला हवा होतास. ज्या माणसाने उभा जन्म बस चालवली, क्लच नाही ती कसली गाडी, तो तर पाळणा, असं जो चारचौघांत ठणकावून सांगायचा, तोच आता शेजाऱ्यांना हाताला धरून आणतो आणि दाखवतो की बघा, डाव्या पायाला कामच ठेवलं नाही पोराने. डावा पाय अजून सवयीने क्लच शोधतो, म्हणून बाबा तो मागे दुमडून बसतात, वर्गात शिक्षा झाल्यासारखे. पण तक्रार? अवाक्षर नाही. माझ्या गाडीतून इतकी वर्षं फिरले. दवाखाना, बाजार, आईच्या माहेरची सगळी लग्नं. त्या गाडीबद्दल त्यांना एवढंच आठवतं, की तिचं मागचं दार दोनदा आपटावं लागतं.

मला वाईट वाटलं नाही असं मी लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू? पोटात दुखलं. चांगलंच दुखलं. आणि त्यावर तू फोनवर काय म्हणालास, तर बाबा, गाडी कंपनीच्या वर्कशॉपलाच द्या हं, इकडेतिकडे देऊ नका. फोन स्पीकरवर होता. मी तिथेच चहा पीत बसलो होतो. घरापासून चार पावलांवर गॅरेज कुणाचं आहे? ते इकडेतिकडे म्हणजे मी. तू सहज बोलून गेलास, माहीत आहे मला, पण बाबांनी ते मनावर घेतलं. मी एकदा नुसतं बॉनेट उघडायला हात पुढे केला, तर म्हणाले, राहू दे, ही साधी गाडी नाही. गावभरचे लोक माझ्याकडे गाड्या घेऊन येतात आणि माझा बाप सर्व्हिसिंगसाठी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जातो. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते हेच.

आता खरी गोष्ट ऐक. दर रविवारी तू विचारतोस, बाबा, ॲव्हरेज किती देते? आणि बाबा छाती काढून सांगतात, अठरा. तो आकडा साफ खोटा आहे. मला पेट्रोल पंपावरच्या माणसाकडून कळलं. त्याची मोटरसायकल दुरुस्तीला माझ्याकडे असते. तो हसत हसत म्हणाला, वडिलांनी टॅक्सी काढली की काय, फार वरचेवर येतात हल्ली. मी विचार केला, घर ते वाचनालय आणि वाचनालय ते घर, यात एवढं पेट्रोल पिणार कोण? शेवटी एके दिवशी, माझी गाडी अडकली आहे असा बहाणा करून, त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. माझ्याच घरात लिफ्ट मागायची पाळी आली बघ.

बाबा स्पोर्टवर चालवत होते, म्हणजे गाडी जोरात पळवायच्या बटणावर. ज्या माणसाने उतारावर इंजिन बंद करून डिझेल वाचवलं आणि त्यासाठी डेपोत बोलणी खाल्ली, तो वाचनालयाला स्पोर्टवर! इंजिन नुसतं ओरडत होतं, गाडी वरचा गिअर म्हणून घेत नव्हती. डॅशबोर्डवर ॲव्हरेज दिसत होतं, अकराच्याही खाली. मी बटण दाबून पेट्रोल वाचवणाऱ्या इकोवर टाकलं. बाबांनी माझ्या हातावर फटका मारला, पण तोवर पाण्याच्या टाकीचा चढ सुरू झाला होता, आणि गाडी थरथरली. इंजिन बंद पडत नव्हतं, धक्काही नव्हता, नुसती एक थरथर, खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी. रस्ता मात्र गुळगुळीत होता. बाबांनी पुन्हा स्पोर्ट दाबलं, थरथर गेली. मग टाकीपाशी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, छोट्याला सांगू नकोस, हौसेने दिली आहे त्याने, त्याला लागेल. वर्कशॉपवाल्यांनी म्हणे सांगितलं होतं की या गाड्यांचं असंच असतं, काळजी नको. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि स्वतःच शोधून काढलं की स्पोर्टवर थरथर कळत नाही. तेव्हापासून ते तुझ्यासाठी पेट्रोल जाळत होते.

छोट्या, त्या क्षणी मला तुझा जो काही राग आला ना! तू काहीच केलं नव्हतंस, म्हणून तर जास्तच आला. मी नवं गॅरेज टाकलं तेव्हा माझ्या हातून एका गाडीचा ब्रेक नीट बसला नव्हता. गिऱ्हाइकाने काही म्हणायच्या आधी बाबांनी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, की याला अजून हात बसायचा आहे. माझी चूक म्हणजे गावाला दवंडी. तुझ्या गाडीतला दोष म्हणजे झाकली मूठ. माझं काही झाकावं असं त्या माणसाला कधी वाटलं का? बायकोला विचारलं तर ती म्हणाली, तुम्ही जवळ आहात म्हणून बोलतात. सगळे हेच म्हणतात. जवळ असण्याचं बक्षीस हे असेल तर मीही लांब जायला हवं होतं.

मग तू येणार असल्याचा फोन आला. तू आलास की पहिल्या दिवशी किल्ली मागणार आणि तू स्वतः इकोवरच चालवतोस, हे बाबांना माहीत. दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, गॅरेजमध्ये कुणी नसताना, त्यांनी गाडी मागच्या पत्र्याच्या शेडकडून आत घेतली. पुढच्या दाराने नाही! आत येऊन स्पॅनरच्या फळीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, बघ जमतंय का. एवढंच. मला इतका आनंद झाला की मी तो लपवायला उगाच त्यांच्यावर खेकसलो, की इतके दिवस काय करत होता.

आणि बढाई मारत नाही, पहिल्यांदा चुकलोच. मला वाटलं इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी माउंटिंग गेले असतील, ते बदलले. थरथर जागच्या जागी. माझा हात साध्या गिअरवर बसलेला, ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स मी असा किती वेळा उघडणार? बाबा स्टुलावर बसून बघत होते. शेवटी अभिमान गुंडाळून ठेवला आणि माझ्याबरोबर शिकलेल्या एका मित्राला फोन केला. तो रात्रंदिवस हेच काम करतो. त्याने सांगितलं, पेडल नसलं तरी आत एक क्लच असतोच. इकोवर तो लवकर पकडतो, इंजिनच्या कमी फेऱ्यांवर. गिअरबॉक्समधलं तेल जुनं झालं की त्याची पकड सुटत राहते, तीच थरथर. स्पोर्टवर तो उशिरा पकडतो, म्हणून कळत नाही. मग त्या गाडीला चालणारं नेमकं तेल त्याच्याकडून मागवलं, जुनं काढलं. काय काळं होतं म्हणून सांगू! जळका वास येत होता. नवं भरलं, चालवली, पुन्हा काढून पुन्हा भरलं.

बाबांनी चालवली, मी शेजारी. टाकीचा चढ, इकोवर. काही नाही, अगदी लोण्यासारखी. परत येईपर्यंत त्या फेरीचं ॲव्हरेज सतराच्या वर गेलं होतं. बाबांनी डावा पाय लांब केला, खिडकीची काच खाली घेतली, आणि काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, छोट्याची गाडी मुळातच चांगली. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? उतरताना त्यांनी मला बजावलं, फोनवर छोट्याला यातलं काही सांगायचं नाही. मी कबूल केलं.

फोनवर नाही म्हणालो होतो. पत्राबद्दल काही ठरलं नव्हतं. म्हणून हे पत्र. वाचून फाडून टाक, आणि आलास की माझं एक काम कर. गाडी टाकीच्या चढावरून ने, इकोवर. बाबा पुढे बसतील, मी मागे बसेन. चढ संपला की बाबांना सहज विचार, गाडी इतकी छान कुणी ठेवली? आणि मग गप्प बस, मध्ये बोलू नकोस. कंपनीच्या वर्कशॉपने असं म्हणाले तर म्हणू दे, मी खिडकीबाहेर बघेन. पण कदाचित माझं नाव घेतील. मला तोंडावर कधी म्हणायचे नाहीत रे ते. तुला सांगतील. एक ॲव्हरेज सोडलं तर तुला ते सगळं खरं सांगतात.

तुझाच,
इकडेतिकडेवाला दादा