चौकटीचं आतलं माप

४ जाने., नांदेड
सरांनी भोकरजवळच्या घराची फाइल माझ्या टेबलावर टाकली. "प्लॅनपासून साइटपर्यंत तू एकटी. नीट झालं तर एप्रिलपासून बोर्डावर माझ्या नावाखाली तुझं." पाच वर्षं कॉलेज, मग दोन वर्षं दुसऱ्यांच्या संडास-बाथरूमची ड्रॉइंगं. आता अख्खं घर! लातूरला अब्बांना फोन केला. शिलाई मशीन थांबवून ऐकलं, म्हणजे खूश.

९ जाने.
साइट. मालक दिगंबरराव. सोयाबीन, हळद, बोलणं मोजकं. बायको वत्सलाबाई, मणक्याच्या दुखण्यानं दोन वर्षं चाकाच्या खुर्चीत. घर खरं तर त्यांच्यासाठीच. "मॅडम, मला बाकी काही नको. सकाळी कुणाला हाक न मारता भाईर जाता आलं पाह्यजे. हाका मारून मारून लई कंटाळा आलाय." खुर्ची मोजली, २६ इंच. रॅम्प, वळायला जागा, हाताशी येतील अशी बटणं. परतताना बसमध्येच स्केच. रेषा सगळ्या खड्ड्यांच्या.

२ फेब्रु.
जोतं झालं. मारुती मिस्त्री हाताचा साफ, फक्त ड्रॉइंग उलटं धरतो. मालकासमोर मला मॅडम म्हणतो, एरवी पोरी.

१६ फेब्रु., लातूर
मावसबहिणीचं लग्न. काल तिकडे साइटवर मोठ्या दाराची चौकट बसली. मिस्त्रीनं फोटो पाठवले. हळदकुंकू, आंब्याची पानं, नारळ, त्याच्या डोक्यावर नवी टोपी. दोनदा पाहिले. माझं दार!

१९ फेब्रु.
साइट. चौकटीला टेप लावला. आत २८. पुन्हा लावला, २८च. मी ३६ लिहिलं ते मोकळं माप. सुतारानं ३६ धरलं ते लाकडासकट. मिस्त्री म्हणाला, "चौकट म्हणलं की माप भाईरून. आमच्यात असंच हाय. आतून पाह्यजे तर तसं लिवायचं ना." खरंय त्याचं. नाही लिहिलं मी. खुर्ची जाईल, पण चाक फिरवणारे हात सोलतील. म्हणजे ढकलायला कुणीतरी लागणार. म्हणजे पुन्हा हाका.
आतल्या दारांच्या चौकटी अजून व्हायच्यात, तेवढं वाचलं.

२० फेब्रु.
सर: "खुर्ची जाते ना? मग गप्प बस. पुजलेली चौकट कुणी काढत नसतं, अपशकुन समजतात. आणि ऑफिसचं नाव जातं ते वेगळंच. एप्रिल लक्षात आहे ना?"
हो सर, म्हटलं. स्वतःचाच राग आला.

२३ फेब्रु., लातूर
रविवार. अब्बांना सांगितलं. आधी हसलेच. "चाळीस वर्षं झाली बेटा, मी गिऱ्हाइकाला पहिलं तेच विचारतो. माप अंगाचं देताय की कपड्याचं?" मग म्हणाले, उसवायला लाज वाटतेच, पण जाऊन सांग. अम्मीचं वेगळं. "दुसऱ्यांच्या पूजेच्या मधे तू नको पडू." मला तीच भीती आहे. शाहीन नावाच्या मुलीनं जाऊन सांगायचं, पुजलेली चौकट काढा म्हणून.

२७ फेब्रु.
सांगितलं. दोघं नवराबायको होते, मिस्त्रीही. चूक सुताराची नाही, मिस्त्रीची नाही, माझी. दि.रावांनी एकदा चौकटीकडे पाहिलं. मग, "देवाचं झालेलं हाय. आता हात लावायचा न्हाई."
व.बाईंनी खुर्ची रॅम्पवरून स्वतः दारात घातली. दोन्ही हातांच्या बोटांची सालं निघाली. मागे आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पूजेच्या दिशी मी नांदेडला दवाखान्यात होते. माझ्या जागी सुपारी मांडून बसलात तुमी. सुपारी जाईल की ह्या दारातून. मी कशी जाऊ?"
मिस्त्रीनं तोंडाला उपरणं लावलं. दि.राव उठले, चप्पल घातली आणि शेताकडे निघून गेले. चहा तसाच राहिला.

२८ फेब्रु.
सरांना मीच सांगून टाकलं. कुणाकडून तरी कळण्यापेक्षा बरं. ओरडले नाहीत. "एप्रिलचं नंतर बघू." जिन्यात रडले. मग खाली जाऊन भजी खाल्ली.

३ मार्च
व.बाईंचा फोन. "त्यांनी अजून हो म्हणलं न्हाई मॅडम. चार दिवस झाले, नुसतं शेतात जाऊन बसून राह्यलेत. पण सुताराला मीच बोलावलंय, उद्या. तुमी टेप घेऊन या. ह्या टायमाला खुर्ची नका मोजू. मी चाकं धरून बसते, माझ्या ह्या कोपरापासून त्या कोपरापर्यंत मोजा."
सरांकडे रजेचा अर्ज दिला. कारण खरं लिहिलं. त्यांनी वाचला. सही केली नाही, परतही दिला नाही.
सकाळी सातची भोकर गाडी.