दोन थापा म्हणजे पुढचं पान

पण ताई, मी ओरडून वाचतो म्हणून पोरगी बोलत नाही, हे तुझं म्हणणं मला साफ नामंजूर आहे. वर्ध्याच्या रत्नप्रभाताईला भोपाळहून धाकट्या संकेतचा नमस्कार. तुझ्या गुडघ्याला आणि भाऊजींच्या रागाला आता उतार असेल. (फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.)

तू पाठवलेलं चित्रांचं पुस्तक मी सायलीला रोज कामावर जायच्या आधी वाचून दाखवतो. आता दिवसभर मिनीबसच्या दारात लटकून "पिपलानी, पिपलानी, जवाहर चौक!" करणाऱ्या माणसाला हळू वाचता येतं का? (शाळेत तर मी जोरातही वाचलं नाही.) वर गाडीच्या पत्र्यावर मारायच्या सवयीने प्रत्येक पानाला थापा मारतो. परवा "हत्ती! हत्ती!" केलं तर घरमालकीण लीलावती आंटी लाटणं घेऊन बाहेर. "अरे, कहाँ है?" जाताना ऐकवून गेल्या, "हमारा ओंकार तो इस उमर में दादी-दादी करता था." तुझी भावजय क्षितिजा हिचं तोंड उतरलं. तेव्हापासून तीही तुझंच म्हणते, की पोर वर्षाची होत आली, एक शब्द नाही, तर आम्ही दोघी ताईंकडेच जाऊन राहतो, तिथे चार माणसं मराठी तरी बोलतील. त्या गेल्या तर मी संध्याकाळी कुणासाठी घाईने घरी यायचं?

पण कालचं ऐक. मांजर वाचून झालं आणि पान उलटायला मला उशीर झाला (चहा पीत होतो). तर सायलीने पुस्तकावर दोन थापा मारल्या. धप, धप! आम्हा कंडक्टरांत दोन थापा म्हणजे गाडी सोड. मी पान उलटलं, चिमणी आली. पुढे जायला लागलो तर एकच थाप. म्हणजे थांब! क्षितिजा म्हणाली, "अहो, असंच मारलं असेल तिने." मग आख्खं पुस्तक आम्ही पोरीच्या थापांवर चालवलं. चिमणीपाशी गाडी दर वेळी थांबली. आता हे बोलणं नाही तर काय? तोंडाने बोलेल सावकाश. क्षितिजा हसली आणि बाहेर काढलेली बॅग परत पलंगाखाली गेली.

तेव्हा दोघींना न्यायला येऊ नकोस. आम्ही मजेत आहोत.

तुझा संकेत

ता. क. हत्तीचं पान सायलीने खाल्लं. वाचून झाल्यावर खाल्लं, एवढं लक्षात घे.

आणखी एक. न्यायला नको, पण राहायला ये. मी निघालो की क्षितिजा शिलाई मशीनवर बसते, मग पोरीशी दिवसभर मराठी कोण बोलणार? न थकता बोलणारं आपल्या घरात तुझ्याइतकं दुसरं कुणी नाही. येण्याच्या तिकिटाचे रुपये पाचशे पाठवतोय, परतीचं इथे आल्यावर बघू.