पांढऱ्या ॲम्बॅसिडरचं बोनट

४ ऑक्टोबर १९९७, शनिवार

वीस मिनिटं! म्या भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. वीस मिनिटांत काळ्या जीपचं आख्खं बोनट! त्याच बोनटाला मला आन् आसराबाईला सकाळपून दिवस बुडेस्तोवर लागतं.

औरंगाबादच्या दुकानातला माणूस मशीन घेऊन आल्ता. तातेराव मालकानं इकत घेतलं. दिसाया काहीच न्हाई — एक मूठ, एक वायर, खाली भाकरीएवढी गोल चकती आन् तिच्यावर पांढऱ्या लोकरीचा पॅड. आसराबाई माझ्या कानात म्हणली, "ह्ये तर कोकरू वाटतंय गं." तेवढ्यात त्यानं बटन दाबलं. ग्यांऽऽ! आसराबाई दोन पावलं मागं, ती थेट माझ्या पायावर!

वही, तुला काय सांगू. सात वर्षं झाली, जालन्यात ह्या गॅरेजात आम्ही दोघी हातानं गाड्या घासून राह्यलो. मच्छिंद्र फवाऱ्यानं रंग मारतो. रंग वाळला की तो दिसतो मेल्यावानी, फिक्का. मंग आमचं काम. जुन्या धोतराच्या फडक्यावर कंपाउंड, म्हंजे घासायचा लगदा, घ्यायचं आन् गोल गोल घासायचं. हात भरून येतो, खांदा उतरतो, तवा कुठं त्याच्यात आपलं तोंड दिसाया लागतं. आन् त्या माणसानं बिडी ओढत ओढत गॅरेजाम्होरचा कडुलिंब, आभाळ, विजेची तार, सगळं त्या काळ्या जीपच्या बोनटात उतरवलं. एक एक पान! लिंबावर कावळा बसल्ता, तो बी दिसला. म्या वर बघितलं, खाली बघितलं. खालचा कावळा ज्यादा काळा होता.

५ ऑक्टोबर

सुट्टी. भाकऱ्या थापल्या, धुणं धुतलं. डोळ्याम्होरून ते बोनट काही जाईना.

६ ऑक्टोबर, सोमवार

तातेराव आज बोलला.

"मशीन एकटं चार बायांचं काम करतं. दिवाळीपोतर दोघी बी या. पुढं एकीचं तरी काम राहतं का न्हाई, बघू."

म्या विचारलं, मशीन कोण चालवणार? तर म्हणतो, "मच्छिंद्र. बायांचं काम न्हाई ते. पदर गुतला, करंट बसला, मंग धुळाजी माझ्या दारात येऊन बसायचा." धुळाजी म्हंजे आमचे हे, मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलतात. घरी सांगितलं तर हे बी तेच! "त्या मशीनला हात लावू नको बरं का." आता दोन्ही बाप्यांचं एकमत झालं म्हणल्यावर ब्रह्मदेव बी काय करणार?

पर खरं सांगते, फकस्त तुला सांगते. काम जाईल ह्याची भीती हाये, हाये ना. पर त्याच्याहून ज्यादा म्हंजे मला ते मशीन पाहिजे. माझ्या हातात पाहिजे. सात वर्षं ज्या चमकीपायी घासून राह्यले, ती अशी झऱ्यावानी वर येते, आन् ती म्या आणायची न्हाई?

९ ऑक्टोबर

सगळे जेवाया बसल्ते. म्या हळूच मशीनपाशी गेले. वायर काढलेलीच होती. पॅडावर हात फिरवला. लई मऊ! आमच्या माहेरी, केदारखेड्याला, मेंढ्या होत्या. लोकर मला कळती. ही पहिल्या कातरणीची असणार.

"सुगंधा, लेकरू हाये का ते? दृष्ट काढ की त्याची!" — आसराबाईनं पकडलं. म्या लाजले.

मंग ती बी बसली बाजूला. पदरानं खांदा दाबीत होती. तिचा उजवा खांदा लई दुखतो, पर सांगत न्हाई. तिनंच मला हे काम शिकिवलं. पहिल्या दिवशी म्हणल्ती, "बोनटात बघून कुंकू सरळ लावता आलं की समजायचं पॉलिश बराबर झालं. तवर उठायचं न्हाई." अजून आमचं तेच माप हाये. मच्छिंद्र हसतो. हसू दे.

मला म्हणली, "तुला शिकायचंय ना ते?" म्या मान हलवली. तिनं फडकं उचललं आन् घासाया लागली.

११ ऑक्टोबर, दसरा

मशीनची पूजा! मालकीणबाई, उषाबाई, नवं लुगडं नेसून आल्त्या. कंप्रेसर, पाने, फवारा, सगळं मांडलं, मधी पाटावर मशीन. झेंडूचा हार, आपट्याची पानं. उषाबाईंनी हळदीकुंकू वाहिलं ते थेट पॅडावर, चांगलं पाच बोटांनी, वरून नारळाचं पाणी. पांढऱ्या लोकरीवर पिवळं-लाल काय शोभून दिसलं! म्या मनातल्या मनात हात जोडले. म्हणले, बाई, मला एकदा तरी तुला धरू दे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

देवा! काय झालं आज!

परतूरच्या काकासाहेबांची ॲम्बॅसिडर हाये. कपाशीचे मोठे व्यापारी. गाडी जुनी, पर त्यांनी सगळी नव्यानं पांढरी करून घेतली. एकोणीस तारखेला लेकीला बघाया पाहुणे येणार, त्याच्या आत गाडी पाहिजे. तातेराव म्हणला, "ह्याच गाडीनं मशीनचा मुहूर्त करू."

मच्छिंद्रानं मशीन घेतलं. पॅड नुसता झटकला आन् लावला बोनटाला. ग्यांऽऽ! आन् त्या दुधावानी पांढऱ्या बोनटावर पिवळ्या-गुलाबी कड्यांवर कडी! पूजेची हळद, कुंकू, सगळं लोकरीत बसल्तं, ते कंपाउंडात कालवलं आन् नव्या रंगात मुरलं. बोनटाला हळद लागली! म्या तोंडात पदर कोंबला. हसावं का रडावं?

तातेराव ओरडला. मच्छिंद्र घाबरला. पॅड उपसून हौदावर नेला आन् धुण्याच्या सोड्यात बुडवला. आन् मंग — पॅड लालभडक! पाणी लाल! रक्तावानी! मच्छिंद्रानं बादली तिथंच सोडली. "मालक, म्या न्हाई आता हात लावायचा. देवी कोपली. पूजेत काहीतरी चुकलं." तातेरावाचं तोंड पांढरंफट्ट. उषाबाईंना निरोप गेला. बोकड कबूल करायचा का नारळावर भागंल, इथपोतर गोष्ट गेली!

मला राहवलं न्हाई. म्हणले, "मालक, हळद हाये ती. हळदीच्या लुगड्याला साबण लावला की लालच होतं. तुमच्या घरातलं धुणं कोण धुतं?"

आसराबाई फस्सकन हसली.

"मंग आता?" तातेराव म्हणला.

"आता काय? लिंबू आणा."

१४ ऑक्टोबर

लिंबू पिळलेल्या पाण्यात पॅड घातला. बघता बघता लालाचा पुन्हा पिवळा! मच्छिंद्र लांबून बघत होता, जवळ काही येईना. म्या पॅड स्वच्छ पाण्यातून काढला आन् पत्र्यावर उन्हात वाळत टाकला.

बोनटाचं औषध बी ऊनच. हळदीचा डाग आन् ऊन, कोणत्याही बाईला विचारा. गाडी ढकलून झाडाच्या सावलीतून बाहेर काढली. हे असलं ऊन, पत्रा तापलेला, तर आम्ही दोघी घडीघडीला ओलं फडकं फिरवून राह्यलो. दुपारून पिवळं फिक्कं झालं. तातेराव चार चार वेळा येऊन वाकून बघतो. "जातंय का?" "जातंय." "बिलकुल जाईल का?" "मालक, ऊन काय तुमचं नोकर हाये का, जल्दी कर म्हणाया?"

असं बोलले म्या! मालकाला! घरी आल्यावर मपल्याच जिभेचं नवल वाटलं.

१५ ऑक्टोबर

डाग गेला. बिलकुल गेला! पॅड बी पांढरा झाला. ऊन म्हंजे काय चीज हाये! फुकट मिळतं म्हणून कोणी वर बघत न्हाई.

पर आता बोनट पुन्हा फिक्कं, आन् मच्छिंद्र मशीनला हात लावंना. तातेराव म्हणला, "औरंगाबादहून माणूस आणतो, कायमचाच ठेवतो." म्हंजे मशीन बी गेलं आन् काम बी. म्या तोंड उघडलं, "मालक, म्या—" तर त्यानं हातानंच थांबवलं. "तू हळदीचं बघितलंस, बास झालं."

रडू आलं. गॅरेजात न्हाई रडले. रस्त्यानं रडले. आसराबाई म्हणली, "तू हो पुढं, माझा डबा राह्यला," आन् माघारी वळली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

वही, अक्षर बघ कसं येतंय!

सकाळी आल्या आल्या तातेराव म्हणला, "घे. चालीव."

मला वाटलं फडकं म्हणतो. तर मशीन! माझ्याकडं न बघताच म्हणला. पदर खोचला, वरून त्याचाच जुना शर्ट घातला. बटन दाबलं आन् — अगं आई गं! ते पळालं! मला ओढीत नेलं बोनटाच्या ह्या टोकापून त्या टोकाला. हाडात, दातात, सगळीकडं ग्यांऽऽ. बंद केलं.

पुन्हा घेतलं. जितकं दाबावं तितकं ते उसळतं. मंग ध्यानात आलं, हे तर मेंढा धरल्यावानी हाये! जोर लावला की तो बी जोर लावतो. सैल धरला, अंग त्याच्यासंगं नेलं, की कोकरावानी ऐकतो. हाताच्या कामात कंपाउंड वाळू द्यायचं असतं, ह्याला ओलंच लागतं, वाळलं की धूळ उडवतं. आन् कडंला न्यायचं न्हाई, तिथं रंग पातळ असतो, जळंल. हे मला कोणी सांगितलं न्हाई. सात वर्षं बोटं फिरली त्याच्यावर, कुठं रंग जाड, कुठं पातळ, बोटांनाच ठावं.

मंग वर आलं ते. काय वर आलं म्हणून सांगू! पांढऱ्या रंगात चमक दिसत न्हाई म्हणतात लोक. खोटं! तळ्यावानी खोल दिसलं. त्याच्यात आभाळ होतं, आभाळात घार होती, आन् खाली एक बाई, बाप्याचा शर्ट घातलेली, तोंड उघडं. म्या थांबले. बघतच राह्यले. ह्यो उजेड म्या आणला. म्या!

लाइट गेली. मशीन आपोआप गप झालं तरी माझे हात गुणगुणत होते. आसराबाई आली, बोनटावर वाकली, बोटानं कुंकू सरळ केलं. माझ्या पाठीवर हात ठेवला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

काकासाहेब आले. गाडीभवती एक फेरी मारली, मंग दुसरी. देवळात मारावी तशी. चप्पल काढायचीच बाकी होती. "तातेराव, ही माझीच गाडी ना? का दुसऱ्याची देऊन राह्यलास?"

"तुमचीच मालक. मशीनचं काम हाये."

मशीनचं! मशीन काय चालत आल्तं का परतूरच्या गाडीपाशी? पर काकासाहेबांनी माझ्या अंगावरचा शर्ट बघितला, हातावरचं कंपाउंड बघितलं. म्हणले, "बाई, लेकीचं ठरलं तर पेढे घेऊन येतो." म्या हवेतच!

संध्याकाळी तातेरावानं बोलावलं. "सुगंधाबाई, तुझं काम पक्कं. कायमचं. पर आसराबाईला सांग, सोमवारपून यायची गरज न्हाई. तूच सांग, तुझं ऐकंल ती."

म्हणले, मालक, दिवाळीपोतर दोघी या म्हणल्ते ना तुम्ही? कडा हातानंच कराव्या लागतात, तिच्यावानी हात कुठं मिळायचा? म्हणला, "कडा बी तूच कर."

गॅरेजातून निघताना तिच्याकडं बघवंना. ती मला म्हणली, उद्या ये घरी, सुट्टी हाये, भाकर खाऊ.

१९ ऑक्टोबर, रविवार

गेल्ते आसराबाईकडं. म्या तोंड उघडायच्या आत तीच बोलली — "नको यायला, हेच सांगाया आलीस ना? अगं, बुधवारी डब्याचं निमित्त करून म्याच माघारी गेल्ते. तातेरावाला म्हणले, औरंगाबादचा माणूस नको. माझी जागा मोकळी धर आन् मशीन सुगंधाच्या हाती दे. न्हाईतर दोघी बी जातो, कडा कोण करतंय बघ."

तीन दिवस म्या समजून राह्यले, मशीन म्या मिळवलं.