बॅच १४ मधली छिद्रं

सोमवार, ३ जून
१. बॅच १४ चे स्फटिक इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले.
२. प्रत्येकाच्या पोटात छिद्रं. गोल, सारखी, वीस नॅनोमीटरची.
३. ही छिद्रं मी पाडली.
तीन वर्षं जेलमध्ये, म्हणजे खळीसारख्या घट्ट द्रवात, स्फटिक वाढवतेय ते यासाठीच: हाडाच्या भेगेत भरायची पूड, तिच्या छिद्रांत औषध. फार आनंद वगैरे झाला नाही. अपेक्षितच होतं. आईला दोनदा फोन केला तो वेगळ्या कामासाठी.

मंगळवार, ४ जून
सरांना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग विचारलं, जेल न घातलेला नमुना पाहिलास का? म्हटलं, पाहते. जेल नाही तर छिद्रं नाहीत. त्यासाठी मायक्रोस्कोप कशाला अडवायचा?

गुरुवार, ६ जून
पेपर पाठवला. शीर्षकात ‘नियंत्रण’ दोनदा होतं. सर म्हणाले, एकदा पुरे. नमतं घेतलं. याच पेपरवर फेलोशिपचं पुढचं वर्ष. समिती २१ ला बसेल. औपचारिकता.

शनिवार, ८ जून
दादा जेवताना म्हणाला, भोकं पाडायला तीन वर्षं? ड्रिल माझ्याकडे होतं, सांगायचं ना! आई त्याला म्हणाली, गप रे, आधीच ती चिमणीएवढं जेवते. मी चिडले नाही. फक्त ताटावरून उठले.

मंगळवार, ११ जून
सरांनी जेल न घातलेला तो नमुना तिसऱ्यांदा मागितला. उद्या उरकते. दहा मिनिटं.

बुधवार, १२ जून, ११.१०
त्यातही छिद्रं. गोल, सारखी, वीस नॅनोमीटरची. लेबल चुकलं असणार.
११.४०. लेबल बरोबर. मग बाटली नीट धुतली नसणार. बाटल्या मीच धुते.
१२.१५. जेल कधी न लागलेली, कंपनीची सीलबंद पूड मायक्रोस्कोपखाली ठेवली. आधी गुळगुळीत. पाच मिनिटांत छिद्रं.
मायक्रोस्कोप सांभाळणाऱ्या ताई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, अगं बाई, एकाच जागी इतका वेळ इलेक्ट्रॉनचा झोत धरलास तर जळून भोकं पडणारच की! आधी का नाही बोललात, विचारलं. म्हणाल्या, तूच दारावर पाटी लावलीस ना, व्यत्यय आणू नये म्हणून.

गुरुवार, १३ जून
शांतपणे विचार केला. जास्त वेळ पाहिलं की छिद्रं मोठी होतात. म्हणजे नियंत्रण आहेच. अडचण एकच: पेशंटच्या हाडाशेजारी मायक्रोस्कोप बसवावा लागेल.

शुक्रवार, १४ जून
सरांना पाठवलेल्या मेलची प्रत. हा सहावा मसुदा. आधीच्या पाचांत चूक मायक्रोस्कोपची होती.

‘सर, बॅच १४ मधली छिद्रं जेलमुळे पडलेली नाहीत. मी झोत धरून पाहत राहिले, त्यामुळे पडली. जेल न घातलेला नमुना तुम्ही सांगूनही मी वेळेवर पाहिला नाही. पेपर मागे घ्यावा आणि समितीला मी स्वतः सांगावं, असं मला वाटतं. दोन्हीसाठी तुमची संमती हवी. कृपया बुधवार, १९ जूनपर्यंत कळवा.’