जैनब शेखच्या सत्तावीस पेट्या तुडतुडे

मी, जैनब नवाब शेख, वय ७२, धंदा घड्याळदुरुस्ती, राहणार सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते.

१. घर व बँकेतील ठेव सैफ आणि उमेरा या माझ्या मुलांना शरियतप्रमाणे मिळेल. मालमत्तेच्या ज्या एक-तृतीयांश हिश्शावर माझी मर्जी चालते, त्याबद्दलच पुढे लिहिते.

२. दुकानातील चिमटे, भिंग व बारीक पेचकस शेजारच्या मोबाईलदुरुस्तीवाल्या करिष्माला द्यावेत. उसनं नेलेलं प्रत्येक अवजार तिने पुसून परत आणलं.

३. टाचून ठेवलेल्या तुडतुड्यांच्या सत्तावीस पेट्या येथील धान संशोधन केंद्राला द्याव्यात. त्यांनी आधीच होकार दिला आहे. किड्यांखालच्या नावांच्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरातल्याच राहतील.

या पेट्या कशा झाल्या तेही नोंदवते. २०१७च्या खरिपात शेतकरी रुखमाबाई धानाचा एक बुंधा उपटून दुकानात आली. तिच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, मधेच गोल जागा जळाल्यासारखी दिसत होती. कृषी खात्याकडून तपासणीला आलेल्या साहेबांनी पानावरचे हिरवे तुडतुडे म्हणून औषध लिहून दिलं होतं. मी भिंग लावलं. हिरव्याच्या मागच्या नडगीवर कंगव्यासारखी काट्यांची रांग असते. याला नडगीच्या टोकाशी एकच मोठा, हलणारा काटा होता. मिशा डोळ्यांच्या खालून निघालेल्या, आणि काहींचे पंख अर्ध्या पाठीवरच संपलेले. म्हणजे कुळच वेगळं. हा बुंध्याशी बसून रस पिणारा तपकिरी.

मी तसं सांगितल्यावर साहेब हसून म्हणाले, "बाई, तुम्ही घड्याळं बघा."

रुखमाबाईने मला एवढंच विचारलं, "तुले पक्कं दिसून राह्यलं ना?"

मी हो म्हटलं. हे कीटकशास्त्र मला कुणी शिकवलं नव्हतं. आधीच्या चार वर्षांत मी जुन्या पुस्तकातल्या चित्रांशी किडे ताडून पाहत आले होते. चुकले असते तर तिचं तीन एकर धान गेलं असतं. तिने ते औषध फवारलं नाही, त्यामुळे तुडतुडे खाणारे बांधीतले कोळी वाचले. पाणी काढलं, धानात वारा जाईल अशा वाटा पाडल्या. दहा दिवसांनी, नमुना पाठवला होता त्या प्रयोगशाळेचं उत्तर आलं: तपकिरी. धान उभं राहिलं.

पुढे गडचिरोलीच्या जंगलातले लांब नाकाचे आणि मेणाच्या शेपट्यांचे तुडतुड्यांचे भाऊबंदही मी गोळा केले. सगळ्यांना तुडतुडा म्हणून मोकळं होता येत नाही, हे आता या तालुक्यात बरेच जण मान्य करतात. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

४. अकरावी पेटी, रुखमाबाईच्या बांधीतल्या तपकिरी तुडतुड्यांची, मात्र केंद्राला न देता त्याच साहेबांना द्यावी. २०१८च्या खरिपात ते दुकानात आले, खुर्ची नको म्हणाले आणि स्टुलावर बसून म्हणाले, "तो काटा मला दाखवा." दोन तास पाहत बसले. माफी त्यांनी मागितली नाही. शिकायला आले, हे मी त्याहून मोठं धरते.

लिहून देणार : जैनब नवाब शेख (सही)

आमच्यासमोर वाचून सही केली :
१. धनराज नथ्थू गेडाम (सही)
२. रोशनी वारलू मडावी (सही)

सिंदेवाही, दि. १४ नोव्हेंबर २०२४