विंगेतला दिवा

केल्सो ग्रोव्ह, आयोवा
सोमवार, २९ एप्रिल १९५७

प्रिय व्हर्नाताई,

तुझं पत्र पोचलं. बाळाला दोन दात आले हे आई दिवसभर शेजारणींना सांगत सुटली होती. इकडे सगळे बरे. मक्याच्या पेरणीची तयारी चाललीय, त्यामुळे बाबा फक्त जेवायला दिसतात.

मुख्य म्हणजे, तुझा पिवळा ड्रेस पाठवू नकोस. शनिवारच्या नाचासाठी माझी सोय झाली आहे. कशी ते सांगते, पण चिडू नकोस. खरं तर चिडलीस तरी चालेल. निदान मला कळेल तरी, की यात चिडण्यासारखं काही आहे.

आमचं अकरावीचं नाटक झालं. मला काम मिळालं नव्हतं. हॅलवर्सनबाईंनी मला विंगेत पुस्तक घेऊन बसवलं, कोणी अडलं तर ओळ सांगायला. बाबांनी गोठ्यातला दिवा माझ्या खुर्चीला बांधून दिला. इतका लख्ख, की बाई म्हणाल्या, "आर्लीन, अगं, याच्या उजेडात पहिल्या रांगेतली माणसंसुद्धा वाचतील!"

नायिका आपली लोर्ना. नायक ड्वेन केसलर. हो, तोच. मला तो आवडतो हे तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही, इतकी जिवलग मैत्रीण असून लोर्नालाही नाही. आणि नाचाला त्यानं तिलाच विचारलं होतं.

शेवटच्या अंकात ड्वेन गुडघा टेकून लग्नाचं विचारतो. लोर्नानं बोलायचं, आणि ती गप्प. एकदम पाटी कोरी. तिनं माझ्याकडे बघितलं. अख्खा हॉल वाट बघतोय. शेवटी ड्वेनच म्हणाला, "मग मी हो समजू ना?" लोक असे हसले, की पडदा पाडावा लागला.

तेव्हापासून शाळेत पोरं तिच्यापुढे गुडघे टेकतात. "मग हो समजू ना, लोर्ना?" तिनं नाचाला यायलाच नकार दिला. तोच हॉल, बाकांवर तेच लोक बसणार, आणि त्यांच्यासमोरून जोडीनं कमानीखालून चालत जायचं! "मेले तरी नाही," म्हणाली. मग गुरुवारी ड्वेननं मला विचारलं. मी लगेच हो म्हटलं. माझी ओळ मी विसरले नाही.

काल दुपारी लोर्ना आली, तिचा निळा ड्रेस हातावर टाकून. तिच्या आईनं महिनाभर खपून शिवलाय तो.

"कपाटात लटकून काय करणार? तूच घाल. आणि केस मी बांधून देईन, तुला नाही जमत." मग उगाच ड्रेसच्या बाहीवरून हात फिरवत म्हणाली, "तुला ओळ दिसलीच नसेल, ना गं? विंगेत अंधारच असतो."

मी म्हटलं, "हो. अंधार होता."

ताई, पान उघडं होतं. बोट ओळीवर होतं. मी तोंडही उघडलं होतं. आवाज फुटला नाही, की मी फुटू दिला नाही, ते मला खरंच कळत नाही. रोज आठवून बघते, रोज वेगळंच उत्तर येतं. आणि लोर्नानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वाटतं. मला तीही हवी आहे आणि शनिवारही हवा आहे. हे असं कोणाला होतं का गं? तुला कधी झालं होतं?

आता सगळं पत्र परत वाचलं. तू पिवळा ड्रेस पाठवच. हे पत्र मिळताच टाकलास तर शुक्रवारी मिळेल. तो आला की निळा परत द्यायला मला लोर्नाकडे जावंच लागेल, आणि "का?" विचारल्याशिवाय ती मला दारातून हलू देणार नाही. तेव्हा मी काय बोलेन ते अजून माहीत नाही. पण तू पाठव.

बाळाला पापा.

लख्ख उजेडात बसलेली,
तुझी आर्लीन