नाही लावत फोन, जा!

पाच सेकंदांत काय होतं म्हणजे? मामा, पाच सेकंदांत माणूस भरल्या ताटावरून उठतो, चपला घालतो आणि जिना उतरायला लागतो. मी उतरलेच होते की, सगळ्यांनी पाहिलंय. (चपला मामीच्या निघाल्या, ती गोष्ट वेगळी. अजून माझ्याकडेच आहेत, एकीचा पट्टा सैल झालाय.)

तर साष्टांग नमस्कार. म्हणजे घालायचा होता, पण भांडण अर्धवट टाकून आडवं पडणं बरं दिसत नाही, तेव्हा तूर्त बसल्या बसल्याच घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? चालायला जाता, की चालून आलो असं मामीला सांगून दुकानात जाऊन बसता? मी मजेत आहे. झोप लागते, भूक लागते, कुणाची आठवण येत नाही. अक्षर वाकडं आलंय ते कागद मांडीवर ठेवून लिहितेय म्हणून. दुसरं काही समजू नका.

आता मुद्द्याचं. पत्रात तुम्हाला मधे बोलता येत नाही, हा पत्राचा फार मोठा गुण मला या चार महिन्यांत कळलाय. त्या दिवशी दादाच्या घरी सगळे जेवायला बसलेले असताना कुणीतरी मला विचारलं की तू हल्ली काय करतेस, आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, ‘हिचं काय विचारता, हिचं सगळंच पाच सेकंदांचं.’ सगळे हसले. दादाची धाकटी तर उचकी लागेपर्यंत हसली. मला कॉलेजात असताना पाच वर्षं घरात ठेवून घेतलेल्या, बुकबाइंडिंग शिकवलेल्या माणसाने हे म्हणावं? परक्याने म्हटलं असतं तर मी पण हसले असते.

मी काय करते ते तेव्हा राहून गेलं, ते आता वाचा. आमच्या कंपनीच्या व्हिडिओ खेळांची एक मालिका आहे. तीन भाग निघालेत, चौथा निघतोय. एकेका भागात दोनशे खेळ, आणि प्रत्येक खेळ पाच सेकंदांचा. पडद्यावर एक शब्द येतो: पकड! पुस! वाक! लप! तो वाचायचा, काय करायचं ते ओळखायचं, करायचं, की लगेच पुढचा. टोपी उडतेय, पकड. नाक वाहतंय, पुस. (हसू नका, नाकाचा खेळ लोकांना सगळ्यात जास्त आवडतो.) चार चुका झाल्या की संपलं, आणि खेळ जसजसे पुढे जातात तसतसा वेग वाढतो. तो एक शब्द लिहिणं ही माझी नोकरी. अख्खी नोकरी. तुम्ही सहाशे पानांची पुस्तकं शिवता, मी एका शब्दाचं लिहिते. तुमच्या पुस्तकात चुकीचा शब्द असला तर वाचणारा पुढच्या ओळीवर जातो. माझा चुकला तर माणूस मरतो. (खेळातला.)

आणि मला सांगा, गरम सरस लावल्यावर पुठ्ठ्यावर कापड बसवायला किती वेळ मिळतो? मी मोजलाय. पाच सेकंद, फार तर सहा. तेवढ्यात बसलं नाही तर सुरकुती पडते आणि मग ते तीन दिवस दाबाखाली ठेवा नाहीतर तीन वर्षं, सुरकुती जात नाही. म्हणजे तुमचंही सगळं पाच सेकंदांचंच आहे, मामा. बाकीचे तीन दिवस नुसतं वाळणं.

असो. आता माझी फजिती ऐका, तुम्हाला आनंद होईल. मला सहा महिन्यांच्या बोलीवर कामावर घेतलंय. सोमवारी सहा महिने संपतात. आमची एक साहेबीण आहे, तिला आम्ही घड्याळबाई म्हणतो, कारण तिच्या गळ्यात कायम स्टॉपवॉच लटकत असतं. (स्वतः किती वेळात जेवते ते पण मोजते.) तिने सांगितलं, एक खेळ पूर्ण तुझ्या डोक्यातला आण, त्यावर ठरवू. मी छाती काढून ‘लाव!’ आणला. पडद्यावर एक उघडं दार, एक विझलेला दिवा, एक फोन आणि एक खरचटलेलं ढोपर, शेजारी मलम. वर एकच शब्द: लाव! दार लाव म्हणजे बंद कर, दिवा लाव म्हणजे चालू कर, फोन लाव म्हणजे बोल आणि मलम लाव म्हणजे गप बस आणि सहन कर. एक शब्द, चार कामं, आणि दर वेळी त्यातलं एकच बरोबर, कोणतं ते खेळणाऱ्याने ओळखायचं. मला वाटलं, माझ्या नावाने टाळ्या पडणार.

पहिल्या चाचणीला हिशेबनिसाने दाराला मलम लावलं. चित्रं काढणाऱ्या पोरीने फोन ढोपराला लावला, आणि वर म्हणाली, बरं वाटेल ना त्याला. दारावरच्या वॉचमनकाकांनी तर कहरच केला: कोपऱ्यात मी नुसती शोभेला एक कुंडी काढून घेतली होती, तिच्यात त्यांनी दिवा खोचला आणि शांतपणे म्हणाले, ‘लावला.’ व्याकरणाने त्यांची चूक काढता येईना. घड्याळबाई म्हणाली, खेळणाऱ्याने काय शब्दकोश मांडीवर घेऊन बसायचं का? सोमवारपर्यंत लोकांना दोन सेकंदांत कळलं पाहिजे, नाहीतर हा खेळ जाईल. खेळ म्हणाली, पण बघत माझ्याकडे होती.

मी तिला चांगलंच सुनावलं. (मनात.) आमच्या घरात सगळ्यांना कळायचं, पाव सेकंदात कळायचं. मामा, तुम्ही दिवसभरात शंभरदा ‘लाव’ म्हणायचात आणि पुढचा-मागचा शब्द क्वचितच. दाराचा ‘लाव’ तोडून टाकलेला, वारा आत आल्यासारखा. दिव्याचा लांबलेला, पुस्तकावरून मान वर न करता. आणि चामडं कापताना माझा अंगठा कापला होता तेव्हाचा मलमाचा ‘लाव’ इतका हळू, की मामी आतून विचारत आली, कोण आलंय म्हणून. म्हणजे शब्द एकच, पण कळायचं सुरावर. मग ठरवलं की पडद्यावर नुसता लिहायचा नाही, ऐकवायचा. मीच तुमची नक्कल करून चारही ‘लाव’ रेकॉर्ड केले. काय सांगू! दाराचा ‘लाव’ असा आला की जणू मी दाराच्या पाया पडतेय. वॉचमनकाका म्हणाले, बाळ, घसा बसलाय का?

मग शुक्रवारी दुपारी ते घडलं. मोठ्या खोलीत आम्ही बाराजण, माझा फोन भिंतीवरच्या स्पीकरला जोडलेला, मी माझं नवं रेकॉर्डिंग लावायला गेले आणि बोट घसरलं. भिंतीतून तुम्ही बोललात. ‘फोन लाव.’

मामा, बाराच्या बारा जणांनी खिशात हात घातले. हिशेबनिसाने फोन कानाला लावला आणि मग गोंधळून विचारलं, कुणाला लावायचा? वॉचमनकाकांनी तर खरोखर घरी फोन लावला आणि म्हणाले, काही नाही गं, सहज. घड्याळबाईचा हात सवयीने स्टॉपवॉचवर गेलेला. दीड सेकंद, ती म्हणाली. हा आवाज कुणाचा? मी म्हटलं, आहे एक बुकबाइंडर. मग मी ‘फोन’ कापून टाकला, नुसता ‘लाव’ ठेवला आणि खालच्या मजल्यावरच्या नव्या लोकांना ऐकवला. तरीही सगळ्यांनी फोनच उचलला. एकानेही दाराकडे पाहिलं नाही. तुम्ही एकच शब्द बोललात, मामा, आणि एका सेकंदात बोललात. माझी बाजू तुम्हीच सिद्ध केलीत. आता बोला.

(बोलू नका. पत्र आहे.)

मी माफी मागायला लिहिलेलं नाही, हे स्पष्ट सांगते. तुमचीही नको. माझं काम लहान आहे, पण उथळ नाही, एवढं तुमच्या कानावर घालायचं होतं, घातलं. मामीला नमस्कार. दादाच्या धाकटीला सांगा, उचकीचा पण एक खेळ मी केलाय: आवर!

तुमची (तरीही)
भाची

ता. क. सोबत एक कागद आहे. तुमचा आवाज आम्ही खेळात वापरायला तुमची हरकत नाही, असं त्यावर लिहिलंय. खाली सही करायची. न विचारता ऐकवला, त्याबद्दल रागवायचं असेल तर सही करून मग रागवा.

ता. क. २. फोनचा ‘लाव’ झाला. दाराचा, दिव्याचा आणि मलमाचा हवाय, सोमवार सकाळच्या आत. तीनच शब्द. म्हणजे एकच शब्द, तीनदा. मामीच्या फोनवर रेकॉर्ड करून पाठवा, तिला येतं. मलमाचा जमेल ना? तो मी तुमच्याकडून एकदाच ऐकलाय.

ता. क. ३. तुम्हाला वाटेल, हिच्याकडे माझा ‘फोन लाव’ आला कुठून. चार महिने दर रविवारी मामीच्या फोनवरून तुम्ही आवाजी निरोप पाठवताय. सतरा झालेत. पुढे-मागे काही नाही, नुसतं ‘फोन लाव.’ मी एकही पुसलेला नाही आणि एकदाही लावलेला नाही. नंबर दाबायला तीन सेकंद लागतात. त्यानंतर काय बोलायचं, तो शब्द मला अजून सापडलेला नाही, आणि शब्द सापडणं हीच माझी नोकरी आहे म्हटल्यावर लाज वाटते.

ता. क. ४. हे पत्र टपालाने येत नाहीये. मी तुमच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेय. दुकान शनिवारी अर्धा दिवस, म्हणजे तुम्ही आत झोपलेले असणार. घोरणं ऐकू येतंय, गुडघा बरा दिसतोय. मामीच्या चपला दाराशी ठेवल्यात. बेल वाजवते, पत्र फटीतून आत सरकवते आणि निघते. तुम्हाला उठायला, चष्मा शोधायला आणि वरची कडी, खालची कडी, साखळी काढायला कमीत कमी पाऊण मिनिट लागतं, मी लहानपणी बेल वाजवून पळताना मोजलेलं आहे. तेवढ्यात मी खाली पोचते. चप्पल नाही, तरी पोचते.

फक्त दार उघडलंत की लगेच लावू नका. पाच सेकंद.

वाजवली. निघाले.